हाडं बाईची, खापर निसर्गावर

आरोग्य शिबिरांत, आशाताईंच्या प्रशिक्षणांत, बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेरच्या बाकड्यांवर मी गेली दहा-बारा वर्षं दोन वाक्यं ऐकते आहे. पहिलं : "आपल्याकडच्या बायका मुळातच लहानखुऱ्या, इथलं हवामानच तसं." दुसरं : "बाईचा सांगाडाच नाजूक, त्याला कोण काय करणार?" ही दोन वाक्यं उच्चारली गेली की पुढचं बोलणंच खुंटतं. हवामान काही कुणी मुद्दाम केलेलं नाही, आणि बाईच्या जन्माला येणं तर दैवाधीन. मग जाब विचारायचा कुणाला? बाईची उंची खुंटली, तिची कंबर गेली, बाळंतपणात ती अडली, उतारवयात तिचा खुबा मोडला. सगळ्याचं खापर निसर्गाच्या माथी फोडायचं आणि हात झटकून मोकळं व्हायचं.

मी डॉक्टर नाही. समाजकार्याची पदवी घेऊन वस्त्यांमध्ये काम करणारी बाई आहे. पण ज्या शास्त्राचं नाव घेऊन आपल्याला गप्प केलं जातं ते शास्त्र काय म्हणतं, हे वाचायला आपल्याला कुणाची परवानगी नको. वाचायला बसलं की लक्षात येतं, शास्त्र एक सांगतं आणि त्याच्या नावाने आपल्याला दुसरंच ऐकवलं जातं.

हवामानाचा माणसाच्या सांगाड्यावर परिणाम होतो, हे खरं आहे. जर्मनीच्या कार्ल बेर्गमान यांनी १८४७ साली आणि अमेरिकेच्या जोएल ॲलन यांनी १८७७ साली प्राण्यांबद्दल जे नियम मांडले ते ढोबळमानाने माणसालाही लागू पडतात. थंड मुलखात अंग रुंद आणि हातपाय आखूड, उष्ण मुलखात अंग सडपातळ आणि हातपाय लांब. यामागचं कारण आपल्यापैकी प्रत्येकीला स्वयंपाकघरातून ठाऊक आहे. भाताचा गच्च मुटका उशिरा निवतो, तोच भात ताटात पसरला की लगेच निवतो. शरीराचंही तसंच. उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक रुंद, बसक्या बांध्याचे. दक्षिण सुदानमधले डिंका लोक उंच आणि शिडशिडीत. ख्रिस्तोफर रफ या अमेरिकन संशोधकाने १९९१ साली दाखवलं की धडाची, म्हणजे कंबरेच्या हाडांच्या कड्याची रुंदी थंड प्रदेशाकडे जावं तशी वाढत जाते, मग तिथली माणसं उंच असोत की ठेंगणी. बाई असो की पुरुष, दोघांतही.

इथपर्यंत कुणाशी भांडण नाही. पण हे नियम हजारो वर्षं एका मुलखात राहिलेल्या समूहांचे आहेत. शेजारशेजारच्या दोन झोपड्यांतल्या दोन मुलींच्या उंचीत जो फरक असतो, त्याचे नाहीत. १९५३ साली डेरेक रॉबर्ट्स यांनी जगभरच्या लोकांचं वजन आणि तिथलं तापमान यांचं नातं मांडलं होतं. १९९८ साली कॅट्झमार्झिक आणि लेनर्ड यांनी नव्या आकडेवारीवर तेच पुन्हा तपासलं, तर नातं शिल्लक होतं पण बरंच सैल झालं होतं. मधल्या काळात उष्ण देशांतल्या लोकांचं खाणंपिणं आणि आरोग्य बदललं होतं. ऊन तेच, माणसं जरा भरली.

याहून बोलका दाखला दक्षिण कोरियाचा. तिथे १८९६ साली जन्मलेल्या बाईपेक्षा १९९६ साली जन्मलेली बाई सरासरीने सुमारे २० सेंटीमीटर उंच आहे. वीतभर! जगातल्या कुठल्याही देशातल्या बायकांनी शंभर वर्षांत एवढी उंची कमावलेली नाही. कोरियातला हिवाळा काही पळून गेला नाही, वंशही बदलला नाही. बदललं ते ताट, पाणी आणि दवाखाना. त्याच शंभर वर्षांत भारतीय बाईची उंची वाढली फक्त पाच सेंटीमीटरच्या आसपास. आता सांगा, उरलेली उंची कुणी खाल्ली? हवामानाने?

आणि ती सगळ्याजणींची सारखी वाढली असंही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २००५-०६ आणि २०१५-१६ या दोन फेऱ्यांमधल्या उंचीची तुलना अभ्यासकांनी केली, तेव्हा सर्वांत गरीब घरांतल्या आणि आदिवासी तरुण स्त्रियांची सरासरी उंची वाढायच्या ऐवजी किंचित घटलेली निघाली. त्याच दहा वर्षांत देश महासत्ता होणार म्हणून ढोल वाजत होते. हवामानाला जात कळत नाही, शिधापत्रिकेचा रंग कळत नाही. हाडांना मात्र दोन्ही कळतात.

घराच्या आत तर हिशेब आणखी बारीक. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या दोघी अर्थतज्ज्ञांनी २०१७ साली भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या मुलांच्या उंचीची तुलना प्रसिद्ध केली. आपली मुलं आफ्रिकेतल्या अधिक गरीब देशांतल्या मुलांपेक्षा खुजी का, हा जुना प्रश्न. उत्तर असं निघालं की घरातला थोरला मुलगा खुजा नाहीच! उंचीतली तूट सुरू होते ती नंतरच्या भावंडांत, आणि मुलगा हवा म्हणून होत गेलेल्या मुलींच्या वाट्याला ती जास्त येते. एकाच छपराखाली, एकाच हवामानात. अंडं एक असेल तर ते कुणाच्या पानात पडलं, हे आपल्या आज्यांना, आयांना विचारायला नको, त्यांच्या मांडीच्या हाडाने ते सांगून ठेवलं आहे.

हवामान म्हणजे नुसती उष्णता नव्हे, ऊनही. हाडं घट्ट व्हायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते उन्हाने कातडीत तयार होतं. मग उन्हाने भाजून निघणाऱ्या या देशात मुडदूस का असावा? मोठ्या बायकांची हाडं मऊ का पडावीत? कॅथलीन व्हॉन या इंग्रज डॉक्टरीणबाईंनी काश्मीरमध्ये बायकांच्या दवाखान्यात काम केलं आणि १९२८ साली पडदापद्धतीच्या मातृत्वावरच्या परिणामाबद्दल पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. वयात आल्यापासून कोंडून ठेवलेल्या पोरींच्या हाडांना ऊन लागत नाही, हाडं मऊ पडतात, शरीराच्या भाराने कंबरेचं कडं आत दबतं, आणि पहिल्या-दुसऱ्या बाळंतपणात बाई अडून मरते. उघड्यावर राबणाऱ्या गरीब बायकांत हे सहसा दिसत नाही. म्हणजे काय झालं? सूर्य होता, हवामान होतं, बाईचं शरीर होतं, आणि या तिघांच्या मधोमध एक भिंत होती. ती भिंत निसर्गाने बांधलेली नव्हती.

इथे जरा थांबून एक सांगते. आज कुणी लगेच याचं काठीत रूपांतर करून एकाच धर्माच्या बायकांकडे बोट दाखवील. पडदा तेव्हा वरच्या जातीच्या हिंदू घरांतही होता आणि घराण्याची इभ्रत म्हणून मिरवला जात होता. आणि आजचं काय? वस्तीतली दहा बाय दहाची खोली, एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याची भिंत, दिवसभर दिवा लावून घरात बसून चालणारं पीसवर्कचं काम. तिला कुठला धर्म आहे? न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात अतिसनातनी ज्यू समाजातल्या किशोरवयीन मुलांची हाडं तपासली, तर तिथे मुलग्यांच्या पाठीच्या कण्याची घनता बरीच कमी भरली. ती मुलं दिवसचे दिवस बंद खोलीत धर्मग्रंथ शिकत बसतात. पुरुषाला कोंडा, त्याचीही हाडं ठिसूळ होतात. 'नाजूकपणा' कोंडण्यात आहे.

आता दुसऱ्या वाक्याकडे. बाईचा सांगाडा.

सांगाड्याच्या पुस्तकांत बाईचा वेगळा सांगाडा काढायला युरोपात अठराव्या शतकात सुरुवात झाली. त्याआधी माणसाचा सांगाडा म्हणजे पुरुषाचा, विषय संपला. १७५९ साली पॅरिसमध्ये मादाम द'आर्कोनव्हिल या विदुषीने एक चित्र छापवून आणलं (आणि तेही एका पुरुषाच्या नावाखाली, कारण बाईचं नाव कसं चालणार!). त्यात बाईची कवटी लहान, बरगड्या आवळलेल्या, कंबर भली रुंद. पुढे लंडन-एडिंबऱ्याच्या पंडितांना हेच चित्र सगळ्यांत खरं वाटलं. १८२९ साली जॉन बार्कले यांनी तर पुरुषाच्या सांगाड्यामागे घोड्याचा सांगाडा उभा केला आणि बाईच्या मागे शहामृगाचा. मोठी कंबर, लांब मान, छोटं डोकं. शास्त्राच्या पुस्तकात, गंभीर चेहऱ्याने! ज्या काळात बायका शाळा-कॉलेजचं दार ठोठावू लागल्या होत्या त्याच काळात त्यांच्या कवट्या लहान होऊ लागल्या, हा काही योगायोग नाही.

आपल्यातल्या काही मैत्रिणी यावर म्हणतात की मग हा सगळा फरकच बनावट. मला ते पटत नाही. बाळंतपण हे काही भाषण नव्हे. वयात आलेल्या बाईचं आणि पुरुषाचं कंबरेचं कडं वेगळं असतं. पुढच्या बाजूला सांध्याखालची कमान बाईत रुंद, मागची खाच रुंद, आतली वाट प्रशस्त. नुसत्या त्या हाडावरून जाणकार माणूस बहुतेक वेळा बरोबर सांगतो की हा सांगाडा बाईचा की पुरुषाचा. हे नाकारून आपल्या हाती काही लागणार नाही. उलट हा फरक नीट पाहिला तर त्यातच आपलं शस्त्र आहे.

कारण लहान मुलगा आणि लहान मुलगी यांच्या हाडांवरून असं खात्रीने सांगता येत नाही. फरक पडतो तो वयात येताना, आणि तो एका रात्रीत पुरा होत नाही. झुरिकच्या संशोधकांनी २०१६ साली पावणेतीनशे जणांच्या स्कॅनवरून दाखवलं की मुलगी वयात आली की तिचं कंबरेचं कडं रुंदावू लागतं, बाळंतपणाला सगळ्यांत सोयीचा आकार त्याला येतो पंचवीस ते तीस या वयात, आणि चाळिशीनंतर ते पुन्हा थोडं अरुंद होतं. बाईचं हाड जन्मतः 'बाईचं' नसतं, ते होत जातं. उंची वाढायची थांबली, पाळी आली, म्हणजे पोर लग्नाला आली हा हिशेब हाडाला मान्य नाही.

आणि आपल्याकडे २०१९-२१ च्या पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी महाराष्ट्रात जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. शाहू-फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात! सोळाव्या वर्षी बाळंत होणारी पोर अडली, तर केसपेपरवर लिहिलं जातं की कडं अरुंद. दहा वर्षं थांबला असतात तर ते रुंद झालं असतं, हे कुणी लिहीत नाही. हा निसर्गाचा दोष नाही, निसर्गाने तर वेळ मागितला होता.

'नाजूक' या शब्दाबद्दलही थोडं. हाड हे ओझ्याने घडतं, ज्या हाडावर भार पडतो ते घट्ट होतं. मध्य युरोपात शेतीच्या पहिल्या हजारो वर्षांतल्या बायकांची हाडं केंब्रिजच्या ॲलिसन मॅकिंटॉश आणि सहकाऱ्यांनी तपासली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या बायकांच्या दंडाची हाडं आजच्या अव्वल नौकापटू मुलींपेक्षा ११ ते १६ टक्क्यांनी मजबूत भरली. हातजात्यावर दळून, जमीन उकरून. इतकी वर्षं हे दिसलं का नाही? कारण बायकांच्या हाडांची तुलना फक्त त्यांच्या पुरुषांशी केली जात होती. तुलनाच अशी करायची की बाईचं काम अदृश्य व्हावं, ही पद्धत आपल्याला नवी नाही. सातबाऱ्यापासून जनगणनेपर्यंत तीच आहे.

पण राबून घट्ट झालेलं हाड टिकू तरी देतात का? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी २०१९ साली सरकारला करावी लागली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, कित्येकींची ऐन तिशीत. पिशवीबरोबर बीजकोषही काढले की चाळिशीआधीच पाळी गेल्यासारखं होतं आणि हाडं झिजू लागतात. मोळी उचलणाऱ्या बाईची हाडं झिजली तर मुकादम म्हणणार, बायकांचं असंच असतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, बाळंतपणाच्या टेबलावर काय होतं ते. १९३३ साली न्यूयॉर्कच्या कॉल्डवेल आणि मोलॉय या दोन डॉक्टरांनी बायकांच्या कंबरेच्या कड्याचे चार प्रकार केले. एक 'बाईसारखा', म्हणजे आदर्श. एक 'पुरुषासारखा'. एक 'वानरासारखा'. एक 'चपटा'. बाईच्या अंगात पुरुषासारखी आणि वानरासारखी हाडं! नावांतच निकाल लागलेला आहे. ही नावं आजही आपल्या डॉक्टर आणि नर्स मुलींच्या पुस्तकांत आहेत. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजमापं घेऊन पाहिलं, तर चार वेगळे गट सापडलेच नाहीत, सगळे आकार एकमेकांत मिसळत गेलेले. २०१८ साली लिया बेट्टी आणि आंद्रेया मनिका यांनी जगातल्या २४ ठिकाणच्या ३४८ बायकांचे सांगाडे मोजले. बाळाच्या वाटेचा आकार ठिकठिकाणी वेगळा निघाला. आफ्रिकेत ती वाट पुढून मागे खोल, अमेरिकेच्या मूळ रहिवासी बायकांत आडवी रुंद, इतर कुठेतरी मध्ये. आणि हवामानाचा वाटा? अगदी थोडा. माणसं हजारो वर्षं पांगत गेली, लहान लहान टोळ्यांनी नव्या मुलखात वसली, त्यातून हे फरक आपोआप पडत गेले. म्हणजे एक वाट बरोबर आणि बाकीच्या चुकलेल्या, असं काही नाही. बाळ आपल्या आईच्या वाटेप्रमाणे डोकं वळवतं, खांदे वळवतं. पुस्तकात लिहिलेल्या वळणाची वाट पाहणाऱ्या डॉक्टरला मात्र वाटतं की बाळ अडलं.

वेळेचंही तेच. तासाला एक सेंटीमीटर तोंड उघडलंच पाहिजे, हा नियम १९५० च्या दशकात इमॅन्युएल फ्रिडमन यांनी न्यूयॉर्कमधल्या काही शे बाळंतपणांवरून मांडलेल्या आलेखाच्या आधाराने आला. अनेक निरोगी बायकांना याहून जास्त वेळ लागतो, केवळ या कारणाने घाई करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट सांगितलं. आपल्या किती दवाखान्यांपर्यंत ते पोचलं?

गंमत पाहा. १९८५ साली सरकारने बंदी घालेपर्यंत जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना सांगाडे पुरवणारा सगळ्यांत मोठा देश भारत होता. इथल्या गरिबांची हाडं कलकत्त्याहून बोटीने परदेशी जायची, त्यावर तिकडची मुलं शरीरशास्त्र शिकायची. आणि तिकडून पुस्तकातून परत आलं ते माप, ज्यात इथली बाई बसत नाही.

आमच्या वस्तीतल्या एका मुलीला सातव्या महिन्यातच एका खासगी दवाखान्यात सांगितलं, "तुझी पेल्विस लहान आहे, सिझरच करावं लागेल." कशावरून? तिच्या चपलेच्या मापावरून की काय! कळा सुरू होऊन पुरेसा वेळ दिल्याशिवाय बाळ आणि वाट यांचा मेळ बसतो की नाही हे बहुतेक वेळा नक्की सांगता येत नाही, हे प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकातच आहे. २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणे देशात सरकारी दवाखान्यांत १४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, खासगीत ४७ टक्के. अवघड केस खासगीतून सरकारीत धाडली जाते हे आपण रोज पाहतो, तरीही हा आकडा असा उलटा. रस्ता ओलांडून खासगीच्या पायऱ्या चढताच बाईचं कडं अरुंद होतं की काय? आणि दुसरीकडे, जिथे खरंच सिझर लागतं त्या मेळघाटातल्या, गडचिरोलीतल्या ठेंगण्या, कुपोषित पोरीला ते वेळेवर मिळत नाही. तिच्या कार्डावर '१४५ सेंटीमीटरपेक्षा कमी उंची, जोखमीची माता' असा शेरा तेवढा असतो. २०१५-१६ च्या पाहणीत देशातल्या सुमारे ११ टक्के बायका या मापाखाली होत्या. कार्डावर उंचीचा रकाना आहे, ती का खुंटली याला रकाना नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच की या वाक्यांसमोर आपण गप्प बसणं थांबवू या. "कडं अरुंद आहे" असं कुणी म्हटलं की विचारायचं : कुणी मोजलं, कधी मोजलं, कळा किती तास चालू दिल्या, आणि हे कागदावर लिहून द्याल का? केसपेपरची प्रत मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्यावी लागते, असं वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांतच आहे. हे आपल्या प्रत्येक गटातल्या बाईला पाठ हवं. येत्या तीन महिन्यांत आपापल्या वस्तीतल्या, गावातल्या प्रत्येक बाळंतपणाची नोंद ठेवू या. बाईचं वय, लग्नाचं वय, उंची, जमलं तर तिच्या आईची उंची, ती भावंडांत कितवी, काम काय करते आणि ते उन्हात की अंधारात, दवाखाना सरकारी की खासगी, सिझर झालं असल्यास तोंडी कारण काय सांगितलं आणि कागदावर काय लिहिलं. नावं लिहायची नाहीत. हे तक्ते मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, एकत्र करून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांसमोर ठेवायचे आहेत.